नणंदेला मसाल्याचा वास आला, तुम्हाला कशाचा?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. येत्या नोव्हेंबरात पन्नाशी पूर्ण होईल. त्या निमित्तानं स्वतःसाठी एक छानसं परफ्यूम घ्यायचं ठरवून वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकलेत. भाची फ्रान्समध्ये शिकते. मे महिन्यात आली तेव्हा तिनं नमुन्याच्या सहा बारीक कुप्या आणल्या : नुआर एपीस, कार्नल फ्लॉवर, पोर्ट्रेट ऑफ अ लेडी, त्युबेरोझ क्रिमिनेल, व्हित्रिओल द'एये आणि साफ्रां त्रुब्लां. मला नुआर एपीस फार आवडलं. रात्री झोपताना मनगट उशीजवळ घेऊन झोपले. पण नणंद म्हणाली, "मसाल्याच्या डब्यात हात घातला होतास का गं?" कार्नल फ्लॉवर लावून ऑफिसात गेले तर दोघीतिघींनी नाव विचारलं, पण शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं डोकं दुखायला लागलं. त्युबेरोझ क्रिमिनेलला तर गुडघ्याला चोळायच्या बामाचा वास येतो. बाटलीची किंमत वीस हजारांच्या वर जाते. कोणतं घेऊ? सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशात कनौजचं अस्सल अत्तर येईल. की या वयात हे सगळं नकोच?

उत्तर : आधी निकाल सांगते, कारणं मागून. नुआर एपीस घ्या. पण आज नको, आणि एकदम मोठी बाटली तर नकोच.

नणंदबाईंचं नाक चुकलेलं नाही. नुआर एपीसमध्ये लवंग आहे, दालचिनी आहे, जायफळ आणि मिरी आहे. पण ते नाक मराठी स्वयंपाकघरात वाढलेलं आहे. लवंग-दालचिनी एकत्र आली की आपल्याला गोडा मसाला आठवतो आणि त्यापाठोपाठ आमटी. तिकडच्या माणसाला त्याच जोडीवरून नाताळचा केक आठवतो. संत्र्याला सगळीकडून लवंगा टोचायच्या, ते सुकवायचं आणि कपड्यांच्या कपाटात टांगायचं, अशी युरोपात जुनी चाल आहे. नुआर एपीस पहिल्या काही मिनिटांत त्याच संत्रं-लवंगेच्या जोडीवर उभं असतं. मग गुलाब आणि जिरेनियम पुढे येतात, आणि शेवटी कोरडं चंदन उरतं. यात गोडवा जवळपास नाही. मसाल्याच्या बहुतेक परफ्यूममध्ये व्हॅनिला ओतून सगळं मऊ करून टाकतात. मिशेल रुदनित्स्का यांनी ते इथे टाळलं, म्हणून मला हे परफ्यूम इतकं प्रिय आहे. त्यांचे वडील एदमों रुदनित्स्का हे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या परफ्यूमकारांपैकी एक. 1956 सालचं दिओरिसिमो हे परफ्यूम त्यांचंच. मुलानं 2000 साली नुआर एपीस केलं ते फ्रेदेरिक माल यांच्यासाठी. माल यांनी त्याच वर्षी आपलं परफ्यूमचं घर, म्हणजे कंपनी, सुरू केलं आणि परफ्यूम बनवणाऱ्याचं नाव बाटलीवर छापायला लागले. तोवर हे कलावंत पडद्यामागेच राहायचे.

नीश परफ्यूम म्हणतात ती अशीच : लहान घरांची, सगळ्यांना आवडलीच पाहिजेत असा हट्ट नसलेली. लार्तिझां पार्फ्युमर हे घर 1976 साली सुरू झालं, ते या वाटेवरच्या पहिल्यांपैकी. तुमचं साफ्रां त्रुब्लां त्यांचंच.

आता एक प्रयोग करा, नणंदबाईंना शेजारी बसवून. डब्यातून दोन-चार लवंगा काढा आणि अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. लवंगेच्या टोकाला गोल बोंड असतं आणि भोवती चार दात. ते दात म्हणजे फुलाची निदलं, आणि बोंड म्हणजे न उमललेल्या पाकळ्या. भिजल्यावर ती टोपी नखानं हळूच उचलली की आत पुंकेसरांचा झुपका दिसतो. लवंग ही कळी आहे, उमलायच्या आत खुडून वाळवलेली. केशर हा फुलाच्या आतला तंतू. गोड्या मसाल्यातलं नागकेशर हेही फुलाचंच. म्हणजे मसाल्याच्या डब्यात फुलं आधीपासून बसलेली आहेत. ओल्या लवंगेचा वास घ्या, लगेच गावठी गुलाबाचा घ्या, पुन्हा लवंगेचा घ्या. तिसऱ्यांदा लवंग वेगळी लागेल. भाजलेल्या धण्याखोबऱ्याची सोबत नसली की ती स्वयंपाकाची राहत नाही.

यामागं रसायन आहे. लवंगेच्या तेलाचा सगळ्यात मोठा हिस्सा युजेनॉल नावाच्या द्रव्याचा असतो. दात दुखल्यावर आपण लवंगेचं तेल लावतो ते त्याच्याच जिवावर, आणि दातांच्या दवाखान्यात शिरल्याशिरल्या जो वास येतो त्यातही तेच असतं. हेच युजेनॉल तुळशीत असतं, गुलाबाच्या तेलात थोडंसं असतं, आणि कार्नेशनच्या फुलाचा वास तर त्याच्यावरच उभा असतो. बुकेवाल्याकडच्या हल्लीच्या कार्नेशनला वास उरलेला नाही, पण जुन्या जातींना लवंगेचा स्पष्ट वास यायचा. फूल आणि मसाला यांना जोडणारा पूल परफ्यूमकाराला बांधावा लागत नाही, निसर्गानंच तो बांधून ठेवला आहे. त्यानं फक्त ठरवायचं, पुलाच्या कुठल्या टोकाला उभं राहायचं.

तुमच्या कुप्यांपैकी व्हित्रिओल द'एये नेमकं पुलाच्या मधोमध आहे. सर्ज ल्युतांस यांच्या फ्रेंच घराचं, 2011 सालचं, कार्नेशनवर बेतलेलं. तुम्ही पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा एकदाच लावून ठेवून दिलंत. मला त्यात फुलाचा राग दिसतो : मिरी-लवंगेची चटकन लागणारी धार, आणि तिच्याखाली पावडरीसारखं मऊ फूल. जुन्या पद्धतीचे कार्नेशन वास आता मिळणं कठीण झालंय. युजेनॉल आणि त्याचा भाऊबंद आयसोयुजेनॉल काहींच्या त्वचेला चालत नाही, म्हणून परफ्यूम उद्योगानं त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातल्या आहेत. तुमचीही त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. युरोपात विकल्या जाणाऱ्या परफ्यूमच्या खोक्यावर ही नावं बारीक अक्षरात छापलेली असतात, भाचीला वाचायला सांगा.

मिरीबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो, की मिरी घातलेलं परफ्यूम झोंबणार. झोंबतं ते पायपरीन, आणि ते वाफेबरोबर वर येत नाही. मिरीचं तेल वाफेवर काढतात, त्यामुळे बाटलीत उतरतो तो फक्त मिरीचा सुवास, कोरडा आणि थोडा लाकडी. तिखट मागेच राहतं.

आता बामाकडे वळू, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं निरीक्षण तेच आहे. त्युबेरोझ म्हणजे आपला निशिगंध, गुलछडी. ल्युतांस यांच्यासाठी परफ्यूमकार ख्रिस्तोफर शेल्ड्रेक यांनी 1999 साली त्युबेरोझ क्रिमिनेल केलं, आणि त्याची पहिली पाच-दहा मिनिटं खरोखर बामासारखीच असतात. बाम म्हणून आपण ज्याला ओळखतो तो वास गंधपुऱ्याच्या तेलाचा, आणि त्यातलं मुख्य द्रव्य, मिथाइल सॅलिसिलेट, निशिगंधाच्या फुलातही असतं. फुलात ते इतर शंभर गोष्टींखाली दबलेलं असतं. शेल्ड्रेक यांनी ते मुद्दाम वर काढून दाखवलं. आपण देवाला रोज वाहतो त्या फुलात हे असं दडलंय, हे ते परफ्यूम लावेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तुम्ही ते मनगटावर लावा आणि सरळ कामाला लागा. भाजी निवडा, पोळ्या करा. अर्ध्या तासानं मनगट नाकाशी न्या. बाम गेलेला असेल आणि मलईसारखा दाट निशिगंध उरलेला असेल. विकत घ्या असं मी म्हणत नाही, पण ती कुपी टाकू नका.

कार्नल फ्लॉवरही निशिगंधच, पण दुसऱ्या स्वभावाचं. दोमिनिक रोपियों यांनी 2005 साली माल यांच्यासाठी केलेलं. त्याची सुरुवात हिरवी आणि गार आहे, निलगिरीची झाक असलेली. फुलवाल्याच्या बादलीत नुकत्याच देठ कापून ठेवलेल्या छड्यांजवळ वाकल्यावर येतो तसा वास. मग हळूहळू नारळाची स्निग्धता येते, आणि मग ते भरून राहतं. खोलीभर, लिफ्टभर, केबिनभर. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. रात्री पतंगांना बोलवायचं म्हणून त्याचा वास अंधार पडल्यावर वाढतो. अशा फुलाचा अर्क वातानुकूलित बंद हॉलमध्ये, शेजारी बसलेल्या माणसाला सलग आठ तास सोसावा लागला तर डोकं दुखणारच. त्या मुलीनं नाटक केलेलं नाही.

शिवाय निशिगंधाशी आपलं नातं फ्रेंच माणसासारखं मोकळं नाही. सत्यनारायणाच्या चौरंगाला तोच, नवरा-नवरीच्या हारातही तोच, आणि तिरडीवरही तोच. पॅरिसमधल्या बाईला तो केवळ एक मादक पांढरं फूल वाटत असेल. आपल्याला एका श्वासात मांडव आणि अंत्ययात्रा दोन्ही आठवतात. यामुळे कार्नल फ्लॉवर कमी दर्जाचं ठरत नाही. पांढऱ्या फुलांमध्ये मी त्याला फार वरचं स्थान देते. पण ज्या शहरात संध्याकाळी स्टेशनबाहेर ताजी छडी मिळते तिथं राहून त्याच फुलासाठी वीस हजार मोजायला मी तरी दहादा विचार करेन. मसाला आणि गुलाब मिळून जे नुआर एपीस होतं, ते मात्र स्टेशनबाहेर कुठंच मिळत नाही.

लोकांनी नाव विचारलं याचं तुम्हाला बरं वाटलं, आणि तिथंच तुमचा गोंधळ सुरू झाला. तो मला पत्रात स्पष्ट दिसतोय. नाव विचारतात ते दरवळाला, आणि कार्नल फ्लॉवरचा दरवळ मोठा आहे. शिवाय सतत नाकाशी असलेला वास थोड्या वेळानं आपल्याला येईनासा होतो. म्हणजे ते परफ्यूम दिवसभर इतरांनाच भेटणार, तुम्हाला सकाळची घटकाभर. उशीजवळ मनगट मात्र तुम्ही नुआर एपीस लावून नेलंत, तेही कुणी न सांगता, न विचारता. पन्नासाव्या वाढदिवसाला स्वतःला द्यायची वस्तू आहे ना? मग मनगटाचं ऐका.

उरलेल्या दोन कुप्यांबद्दल थोडक्यात. पोर्ट्रेट ऑफ अ लेडी हे रोपियोंचंच, 2010 सालचं. तुर्की गुलाब आणि पुष्कळ पॅचुली (एका झुडपाच्या पानांचं मातकट वासाचं तेल), लवंग-दालचिनीच्या आधारावर. भव्य आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, जरीच्या साडीवर शोभेल. आठ बावीसच्या फास्ट लोकलमध्ये ते कुणाच्याही अंगावर असू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. साफ्रां त्रुब्लां 2002 सालचं. केशर, गुलाब, व्हॅनिला, चंदन. ते लावून आरशासमोर उभी राहिले की मला आपण केशरी दूध प्यायलोय असं वाटतं. ज्यांना गोड वास आवडतात त्यांनी जरूर घ्यावं, दिवाळीला तर फारच छान. तुम्हाला नुआर एपीसचा कोरडेपणा आवडलाय, म्हणून तुमच्यासाठी हे नव्हे.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या बरोबर बोलताहेत आणि त्यांचं पुरतं ऐकायला हवं. कनौजमध्ये आजही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून, मातीनं तोंड लिंपून, खाली लाकडाची आच देतात. वाफ वेळूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात चंदनाचं तेल वाट पाहत असतं. फुलाचा वास त्या तेलात मुरतो. यात अल्कोहोल नाही, म्हणून अत्तर उसळत नाही. अंगाशी राहतं, मंद राहतं, जवळ येणाऱ्यालाच कळतं. तुमच्या ऑफिसच्या अडचणीवर हा उत्तम उपाय आहे. आणि मसाला आणि फूल एकत्र हवं असेल तर शमामा नावाचं अत्तर हुंगून पाहा. त्यात लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, नागरमोथा, जटामांसी असं बरंच काही असतं, आणि छडीलाही असतं. छडीला म्हणजे आपलं दगडफूल, गोड्या मसाल्यातलं. तेच काळंपांढरं कुरळं, हातात घेतल्यावर पावसाळी झाडाच्या सालीसारखं वाटणारं. फ्रेंच परफ्यूमच्या कितीतरी जुन्या नामांकित बाटल्यांच्या तळाशी ओकमॉस असतं, तेही झाडावर वाढणारं दगडफुलाच्याच जातकुळीचं. म्हणून शमामा हुंगल्यावर नणंदबाई पुन्हा मसालाच म्हणणार याची तयारी ठेवा.

एक सावधगिरी घ्या. चंदनाचं तेल भलतंच महाग झाल्यामुळे बाजारातल्या पुष्कळ 'अस्सल' अत्तरांचा पाया दुसऱ्याच स्वस्त तेलाचा असतो. मोहम्मद अली रोडवर जा, घाई करू नका, दुकानदाराला पाया कशाचा आहे ते स्पष्ट विचारा. चांगला दुकानदार या प्रश्नावर चिडत नाही, उलट दोन बाटल्या शेजारी ठेवून फरक दाखवतो. आधी अगदी लहान कुपी घ्या. ती सासूबाईंनाही द्या. दोघी मिळून कानामागे फाया ठेवा.

पण अत्तराला मी नुआर एपीसचा पर्याय म्हणणार नाही. अत्तर एकच गोष्ट सलग सांगत राहतं. अल्कोहोलमधलं परफ्यूम तासातासाला बदलतं, कारण हलकी द्रव्यं आधी उडतात आणि जड मागं राहतात. संत्रं आधी जाणार, चंदन शेवटी उरणार. तुम्हाला जे भावलंय ते हे बदलत जाणं असेल तर अत्तरानं ती हौस भागायची नाही.

आज नको म्हणाले त्याचं कारण आपली हवा. भाचीनं कुप्या मे महिन्यात आणल्या. घामाच्या अंगावर लवंग-दालचिनी जडशीळ वाटतात, आणि तरीही ते तुम्हाला आवडलं ही मोठी गोष्ट. पावसात लावून पाहा. हवा ओली असली की वास अंगाभोवती जास्त रेंगाळतो, असा माझा अनुभव आहे. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात, एखाद्या दिवशी सकाळी लावून लोकलनं फोर्टला जा आणि संध्याकाळी घरी येऊन तेच मनगट हुंगा. दुकानातल्या कागदाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, तिला घाम येत नाही. एका दिवशी एकच परफ्यूम. मधे नाक थकलं तर स्वतःच्या साडीच्या पदराचा वास घ्या. दुकानात नाक ताजं करायला देतात त्या कॉफीच्या बिया हुंगायची काही गरज नाही. इतकं करून नोव्हेंबरातही तेच हवंसं वाटलं तर भाचीला सांगा, सगळ्यात लहान मापाची बाटली बघ म्हणावं. मसाल्याचं परफ्यूम थोडंच लागतं, लहान बाटलीही भरपूर पुरते.

वयाचं विचारलंत. पन्नाशीतल्या बाईनं सुवास लावू नये असं आपल्याकडं कुठल्याच काळात नव्हतं. हळदीकुंकवाला आलेल्या आजीच्या मनगटावरही आपण अत्तर लावतो आणि गुलाबपाणी शिंपडतो. पैसे तुम्ही कमावलेत, वर्षभर साठवलेत. यापुढे त्याचा खुलासा कुणाला देत बसू नका, नणंदेला तर नाहीच.

ऑफिसच्या दिवशी एकच फवारा, तोही पोटावर, कपडे घालायच्या आधी, आणि घरून निघण्याच्या अर्धा तास आधी. लिफ्टमध्ये शिरताना नव्हे. शेजारच्या मुलीला तुम्हीच आपणहून विचारा, आजचं चालतंय का. तिला अर्धशिशी असेल तर ऑफिसात काहीच लावू नका, संध्याकाळ आणि रविवार तुमचेच आहेत. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर थेट फवारू नका, डाग पडतो. मोत्याचे दागिने घालायचे असतील तर परफ्यूम आधी लावा, ते वाळू द्या, मोती मग. अल्कोहोलनं मोत्याची चमक जाते. आणि बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीशी ठेवू नका. ऊन आणि ऊब दोन्ही तिला मारक. कपड्यांच्या कपाटात, तिच्या खोक्यातच राहू द्या.